विश्लेषण : खाटा मोजल्या, हजेरीही मोजली, पण भावी डॉक्टर रुग्ण तपासायला शिकला का?

वैद्यकीय महाविद्यालयाला परवानगी देताना रुग्णालयात खाटा किती, प्राध्यापक किती, ओपीडीत रुग्ण किती, हे सगळे आकड्यांत तपासले जाते. मात्र त्याच रुग्णालयात साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला न्यूमोनियाचे मूल छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ओळखता येते का, अडलेले बाळंतपण वेळेत पुढे पाठवायचे हे कळते का, याची खात्री कोण करते? रुग्णालयातील प्रशिक्षणाचे मूल्यमापन आज कसे होते, त्यात काय निसटते आणि ते कसे पकडता येईल, याचा आढावा.

विषय आता महत्त्वाचा का?

जागा झपाट्याने वाढल्या आहेत. २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१ हजार ३४८ जागा होत्या. २०२४-२५ पर्यंत महाविद्यालये साडेसातशेच्या पुढे आणि जागा १ लाख १० हजारांच्या पुढे गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ७५ हजार वैद्यकीय जागांचे उद्दिष्ट जाहीर झाले.

महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. गडचिरोली, हिंगोलीत महाविद्यालय येणे ही तिथल्या रुग्णांसाठी मोठीच गोष्ट आहे. पण यातली बहुतेक महाविद्यालये जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने उभी राहिली. जे रुग्णालय कालपर्यंत फक्त उपचार करत होते, त्याने आज शिकवायलाही लागायचे आहे. इमारत बांधून होते, खाटा वाढवता येतात. रुग्णाच्या उशाशी उभे राहून शिकवण्याची सवय मात्र निविदा काढून येत नाही.

शिवाय वेळ थोडा आहे. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०३० च्या सुमारास इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल. शासकीय महाविद्यालयांतून शिकलेल्यांना राज्यात बंधपत्रित सेवा करावी लागते. म्हणजे यातले अनेक जण थेट एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातील, जिथे रात्री दोन वाजता विचारायला वरिष्ठ कोणी नसते.

नियमात काय लिहिले आहे?

कागदावर भारताचा अभ्यासक्रम आधुनिक आहे. ऑगस्ट २०१९ च्या तुकडीपासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्याआधी ‘अमुक विषय शिकवला’ एवढे पुरत असे. आता ‘विद्यार्थ्याला अमुक करता आले पाहिजे’ अशी भाषा आहे. सर्व विषय मिळून अशा अडीच हजारांहून अधिक क्षमता लिहून काढल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर पातळी दिली आहे : माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो आणि स्वतंत्रपणे करतो. ही उतरंड अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवर आधारलेली आहे.

पहिल्या वर्षापासूनच रुग्णांशी ओळख व्हावी, दुसऱ्या वर्षापासून सकाळचे वॉर्ड पोस्टिंग, संवाद आणि नीतिमत्तेसाठी वेगळे पाठ, लेखी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, अशी ही रचना आहे. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याचा कार्यक्रमही जोडला गेला. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते.

प्रश्न अभ्यासक्रमाचा नाही. अभ्यासक्रमाचे एकक आहे ‘विद्यार्थ्याला जमते का’ आणि तपासणीचे एकक आहे ‘रुग्णालयात आहे का’. या दोन्हींच्या मध्ये पूलच बांधलेला नाही.

मग तपासणीत मोजतात काय?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या म्हणजे एनएमसीच्या २०२३ च्या किमान निकषांनुसार ५० जागांच्या महाविद्यालयाला २२० खाटांचे, तर १०० जागांसाठी ४२० खाटांचे रुग्णालय लागते. खाटा वर्षभरात सरासरी ८० टक्के भरलेल्या असाव्यात, असेही अपेक्षित आहे. त्याशिवाय प्राध्यापकांची संख्या, त्यांची आधारसंलग्न हजेरी, प्रयोगशाळा, ग्रंथालय वगैरे.

हे मोजू नये असे कोणी म्हणणार नाही. रुग्ण नसतील तर शिकणार कोणावर? पण हे सगळे कच्च्या मालाचे मोजमाप आहे. ४२० पैकी ३३६ खाटा भरलेल्या आहेत, एवढ्यावरून शंभरातल्या एका तरी विद्यार्थ्याने स्वतः रुग्णाची पूर्ण हकीकत विचारली का, हे कळत नाही. गोदामात सिमेंटची पोती मोजून पुलाच्या मजबुतीचा दाखला द्यावा, तसे हे आहे.

आणि आकडा हाच निकष झाला की तो आकडा तयार करणाऱ्यांची सोय होते. २०२५ च्या जून अखेरीस सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासण्यांतील कथित लाचखोरीबाबत गुन्हा नोंदवला. तपासणीची गोपनीय माहिती आधीच फोडणे, कागदावरचे प्राध्यापक उभे करणे, तपासणीच्या दिवसापुरते खोटे रुग्ण दाखल करणे, बायोमेट्रिक यंत्राला फसवण्यासाठी कृत्रिम बोटांचे ठसे वापरणे, असे आरोप त्यात आहेत. ते सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय. त्याच वर्षी १ मेपासून एनएमसीने बोटांच्या ठशांऐवजी चेहरा ओळखणारी हजेरी आणली होती. म्हणजे यंत्र अधिक हुशार झाले. मोजली मात्र पुन्हा हजेरीच.

एनएमसीच्याच पाहणीतून आलेले एक चित्र जास्त बोलके आहे. २०२२-२३ मध्ये २४६ महाविद्यालयांच्या हजेरीची छाननी झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी कागदोपत्री प्राध्यापक किंवा रेसिडेंट आढळल्याचे आयोगाने म्हटले होते. आपत्कालीन विभागातले पोस्टिंग म्हणजे विद्यार्थ्यांसाठी सुट्टीच असते, असाही त्यातला निष्कर्ष होता. अपघातग्रस्त, विषबाधा, हार्ट अॅटॅक हे सगळे जिथे पहिल्यांदा येते, त्या विभागाविषयी हे लिहिले गेले. २०२३ च्या निकषांत इमर्जन्सी मेडिसिन हा विभाग अनिवार्य विभागांच्या यादीतून वगळण्यात आला. शिकवणे नीट होत नाही म्हणून विभागच यादीतून काढणे, हा उपाय अनेक तज्ज्ञांना पटला नाही आणि तो न पटण्यासारखाच आहे.

रुग्ण भरपूर असतील तर प्रश्न सुटतो का?

नाही. तिथे प्रश्न उलटा होतो.

खाटा रिकाम्या असलेल्या नव्या किंवा खासगी रुग्णालयात विद्यार्थ्याला रुग्ण दिसत नाही. मोठ्या शहरातल्या जुन्या सरकारी रुग्णालयात रुग्ण इतके असतात की शिकवणारा दिसत नाही. जमिनीवरही गाद्या टाकलेल्या असतात, ओपीडीत एका टेबलाभोवती तीन रुग्ण एकाच वेळी बोलत असतात. सकाळच्या राऊंडला लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न आणि मागे पंधरा-वीस विद्यार्थी. पुढच्या दोघा-तिघांना ऐकू येते, बाकीचे पुढच्याच्या ॲप्रनकडे पाहत वही धरून उभे. रेसिडेंट सलग ड्यूटीने थकलेला असतो. त्याच्याकडे अर्ध्या तासात पंधरा केसपेपर पुरे करायचे काम असते. तो शिकवणार कधी?

तरीही तिथे शिकायला मिळते हे खरे. जिथे रोज सर्पदंश, क्षयरोग, डेंग्यू, गुंतागुंतीची बाळंतपणे येतात, तिथे धडपड्या विद्यार्थी रात्री कॅज्युअल्टीत बसून पुष्कळ काही उचलतो. मुंबईच्या जे. जे., केईएमसारख्या संस्थांचे नाव याच गर्दीवर उभे आहे. अडचण एवढीच, की हे शिकणे विद्यार्थ्याच्या चिकाटीवर आणि भेटणाऱ्या रेसिडेंटच्या स्वभावावर सोडलेले आहे. जो मागे उभा राहिला तो पाच वर्षे मागेच उभा राहू शकतो आणि पासही होऊ शकतो.

रिकामे रुग्णालय आणि तुडुंब रुग्णालय ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत. खाटांच्या तक्त्यात पहिले नापास होते, दुसरे उत्तम गुणांनी पास.

या गर्दीत रुग्णाचाही विचार हवा. शिकवणीच्या रुग्णालयात येणारा बहुतेक वर्ग गरीब असतो. त्याच्या पोटाला एकामागून एक दहा हात लागतात. स्त्रीरोग विभागात तर संमती विचारणे हा उपचार नव्हे, अट आहे. अभ्यासक्रमात हे लिहिलेले आहे. पण विद्यार्थी तेच शिकतो जे वरिष्ठांना करताना पाहतो, आणि वरिष्ठांनी न विचारता चादर बाजूला केली तर तोही पुढे तसेच करतो.

लॉगबुक आहे ना?

आहे. प्रत्येक कौशल्य कधी केले, किती वेळा केले, कोणी पाहिले, याची नोंद लॉगबुकमध्ये असावी आणि शिक्षकाची सही असावी, ही पद्धत मुळात चांगलीच. ‘स्वतंत्रपणे करतो’ हा शिक्का मिळण्याआधी ते काम शिक्षकांसमोर ठरावीक वेळा झाले पाहिजे.

पण ज्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खे जर्नल उतरवून काढले आहे, त्यांना लॉगबुकचे पुढे काय होते ते सांगायला नको. सत्र संपताना वह्यांचा गठ्ठा टेबलावर येतो, एका बैठकीत शंभर सह्या होतात. तारखा मागून भरल्या जातात. इंट्राकॅथ लावली असे लिहिलेले असते. ती शिरेत गेली की बाहेर, रुग्णाला किती वेळा टोचले, हातमोजे होते का, याला लॉगबुकमध्ये जागाच नसते.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेचेही तसेच. विद्यार्थ्याला एक मोठी केस मिळते. तो रुग्णाजवळ एकटा बसून हकीकत विचारतो, तपासतो. परीक्षक येतात ते नंतर, आणि निष्कर्ष विचारतात. पोट तपासताना त्याचा हात कुठे होता, हे अनेकदा पाहिलेच जात नाही. काही वेळा रुग्ण स्वतःच निदान सांगून मोकळा होतो, कारण त्याला सकाळपासून चौघांनी तेच विचारलेले असते. प्रत्येकाची केसही वेगळी. एकाला सरळसोट हर्निया, दुसऱ्याला हृदयाच्या झडपेचा किचकट आजार. दोघांचे गुण एकाच यादीत.

खरे शिकणे मोजता येते का?

येते, आणि त्याची साधने जुनी आहेत. स्कॉटलंडमधील डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ऑस्की ही परीक्षापद्धत मांडली. टप्प्याटप्प्याने मांडलेली टेबले, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटे आणि एक ठरावीक काम, प्रत्येक विद्यार्थ्याला तेच काम, परीक्षकाच्या हातात तीच तपासयादी. अनेक भारतीय महाविद्यालयांत ती आता वापरली जाते. मात्र ऑस्की तयार केलेल्या परिस्थितीत होते. विद्यार्थी तिथे ‘करून दाखवतो’. वॉर्डात खरोखर काय करतो, ते वॉर्डातच पाहावे लागते.

त्यासाठी मिनी-सीईएक्स नावाची पद्धत आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ती विकसित झाली. कल्पना इतकी साधी आहे की तिला नाव कशाला, असे वाटावे. विद्यार्थी खऱ्या रुग्णाशी बोलतो, तपासतो. शिक्षक शेजारी उभा राहून फक्त पाहतो. नंतर पाच मिनिटांत काय चांगले झाले, काय चुकले हे सांगतो आणि एका पानावर नोंद करतो. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे. टाके घालणे, कॅथेटर टाकणे अशा हातच्या कामांसाठी अशीच डॉप्स ही पद्धत आहे. एनएमसीच्या मूल्यमापनविषयक मार्गदर्शनातही अशा पद्धतींचा उल्लेख येतो. पण वापर महाविद्यालयाच्या इच्छेवर.

‘वेळ कुठे आहे?’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. म्हणून हिशेब करून पाहू. एका तुकडीत १०० विद्यार्थी. मेडिसिन विभागाने वर्षात प्रत्येकाला चार वेळा रुग्ण तपासताना पाहायचे ठरवले आणि प्रत्येक वेळी २० मिनिटे धरली, तर एकूण ८ हजार मिनिटे, म्हणजे साधारण १३३ तास होतात. विभागात आठ शिक्षक असतील तर एकाच्या वाट्याला वर्षाला १७ तासांच्या आत. महिन्याला दीड तास. तीन तुकड्या धरल्या तरी महिन्याला साडेचार तासांच्या आत.

हे अशक्य नाही. अट एकच : ते आठ शिक्षक खरोखर विभागात असले पाहिजेत. तिथे गाडी पुन्हा रिक्त पदांवर, कंत्राटी नेमणुकांवर आणि बदल्यांवर येऊन थांबते. नव्या महाविद्यालयाची तपासणी आली की जुन्या महाविद्यालयातले शिक्षक तात्पुरते तिकडे पाठवायचे, हा राज्यात अनेक वर्षे चर्चेत असलेला प्रकार आहे. दोन्हीकडचे विद्यार्थी त्यात उपाशी राहतात.

इंटर्नशिपचे वर्ष कशात जाते?

२०२१ च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या बारा महिन्यांत सामुदायिक वैद्यकाला १२ आठवडे, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राला ७, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, तर कॅज्युअल्टीला २ आठवडे आहेत. हेच वर्ष हात बसण्याचे. पण दोन ओढाताणी असतात. एकीकडे मनुष्यबळ कमी असलेल्या रुग्णालयात इंटर्न म्हणजे हक्काचा जादा हात. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रिपोर्ट आणणे, ट्रॉली ढकलणे, फॉर्म भरणे. दुसरीकडे समोर नीट-पीजी. २०० बहुपर्यायी प्रश्नांच्या त्या परीक्षेवर पुढचे सगळे करिअर ठरते आणि वॉर्डात काढलेल्या रात्रीला त्यात एकही गुण नाही. मग सही करून अभ्यासिका गाठणारा इंटर्न आळशी ठरत नाही. त्याने व्यवस्थेचे गणित अचूक सोडवलेले असते.

करोना आणि युक्रेन युद्धामुळे परदेशातून अंतिम वर्षात परतलेल्या विद्यार्थ्यांबाबत एनएमसीने २०२२ मध्ये एकाऐवजी दोन वर्षांच्या इंटर्नशिपची अट घातली. कारण त्यांचे रुग्णालयातले प्रशिक्षण राहिले होते. ऑनलाइन तासांनी वॉर्डाची भरपाई होत नाही, हे आयोगाने मान्य केले होते, असाच त्याचा अर्थ. मग देशातल्या ज्या महाविद्यालयात वॉर्ड आहे पण वॉर्डातले शिकणे नाही, तिथल्या विद्यार्थ्यांची भरपाई कशी, हा प्रश्न त्या निर्णयातूनच निघतो.

रुग्णालय शिकवते कसे, हे विद्यार्थ्यांना कोणी विचारते का?

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेते. त्यात प्रत्येक पोस्टिंगबाबत सरळ विचारलेले असते : रुग्णाची हकीकत घेताना तुम्हाला शिक्षकाने पाहिले का? तपासताना पाहिले का? ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचे दरवर्षी सर्वेक्षण करते आणि कोणत्या रुग्णालयातले प्रशिक्षण कसे आहे, हे लोकांना ऑनलाइन पाहता येते.

आपल्याकडे महाविद्यालये विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेतात, पण ते संस्थेच्याच फायलीत राहतात. ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्यांच्याविरुद्ध विद्यार्थी काय लिहिणार, हेही उघड आहे. एनएमसी कायद्याने मूल्यांकन व मानांकन मंडळाला महाविद्यालयांची प्रतवारी करण्याचा आणि त्यासाठी त्रयस्थ संस्था नेमण्याचा अधिकार दिला आहे. २०२३ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेबरोबर त्यासाठी करारही झाला. अशा प्रतवारीत प्रयोगशाळेच्या चौरस फुटांबरोबर ‘तुम्हाला रुग्ण तपासताना कोणी पाहिले का’ या प्रश्नाचे निनावी, थेट आयोगाकडे जाणारे उत्तर धरले गेले, तर अनेक संस्थांचे क्रमांक बदलतील. त्याला ना जादा खाट लागते, ना चेहरा ओळखणारा कॅमेरा.

‘नेक्स्ट’ परीक्षेने हे बदलेल?

काही अंशी. नॅशनल एक्झिट टेस्ट म्हणजे ‘नेक्स्ट’ची तरतूद २०१९ च्या कायद्यातच आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार तिचे दोन टप्पे आहेत. इंटर्नशिपआधी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा आणि इंटर्नशिपनंतर सात क्लिनिकल विषयांत प्रात्यक्षिक. पहिल्या टप्प्याचे गुण पदव्युत्तर प्रवेशासाठी धरायचे आणि दुसरा टप्पा फक्त उत्तीर्ण व्हायचा, अशी आखणी आहे. २०१९ च्या तुकडीला ती लागू होणार होती. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली.

दुसऱ्या टप्प्यातले प्रात्यक्षिक देशभर एकसारखे आणि प्रामाणिक झाले, तर कोणत्या महाविद्यालयाचे विद्यार्थी रुग्णासमोर अडखळतात हे पहिल्यांदा दिसेल. पण लाखभर उमेदवारांची अशी परीक्षा घेणे सोपे नाही. अमेरिकेत परवान्यासाठीची अशीच प्रात्यक्षिक परीक्षा, नट-रुग्णांसमोर होणारी, २००४ पासून चालली. करोनात ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. प्रचंड खर्च आणि जवळपास सगळेच पास, ही तिच्यावरची जुनी टीका होती. ती बंद करणे परवडले, कारण मधल्या काळात तिथल्या महाविद्यालयांनी स्वतःच्या वॉर्डांत आणि ऑस्की केंद्रांत विद्यार्थ्यांना पाहायला सुरुवात केली होती.

पहिल्या टप्प्याचे गुण मोलाचे आणि दुसरा नुसता उत्तीर्ण होण्यापुरता, ही रचना तशीच राहिली तर इंटर्नच्या आधीचे शेवटचे वर्ष शिकवणी वर्गांकडे वळण्याची शक्यता जास्त आहे. नीट-पीजीमुळे इंटर्नशिपचे जे झाले, ते एक वर्ष अलीकडे सरकेल.

तोवर प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतल्या खाटांच्या आकड्यावर थांबू नये. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. मेडिसिनच्या पोस्टिंगला एका शिक्षकामागे किती जण असतात? गेल्या महिन्यात तुला रुग्ण तपासताना कोणी शेजारी उभे राहून पाहिले का? आणि लॉगबुकवर सही कधी होते, त्याच दिवशी की सत्र संपताना?